साक्षीचे रोप

फार पूर्वी, एका उंच पठारावर एक गाव वसले होते. तिथे वर्षातले पाच महिने जमीन दगडासारखी घट्ट होऊन राही. ती मऊ होईपर्यंत थांबून बी पेरावे, तर कंद भरण्याआधीच पुन्हा थंडी येई. म्हणून त्या गावाने एक रीत बसवली होती. बिटाचे बी आधी गोठ्याच्या उबेत, लाकडी खोक्यांतल्या मातीत रुजवायचे आणि जमीन कुदळीला दाद देऊ लागली की रोपे शेतात लावायची. थंडीच्या तोंडावर निघालेले कंद वाळूच्या खड्ड्यात पुरून ठेवत. हिवाळाभर गावाकडे खाण्यासारखे दुसरे फारसे काही नसे.

साऱ्या गावाची रोपे एकाच घरात वाढत. त्या घरात दोन जावा होत्या. थोरलीने तीस वर्षे हे काम केले होते. आता तिची दृष्टी गेली होती आणि खोकी धाकटीच्या हाती आली होती. धाकटीला चार वर्षांची एक मुलगी होती. मागच्या हिवाळ्यात ती इतकी खंगली की वसंत आला तरी तिला भिंतीचा आधार घेतल्यावाचून चालता येत नव्हते. तसाच आणखी एक हिवाळा तिला सोसणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होते. त्याविषयी त्या बोलत नसत.

काम सोपवताना थोरलीने एकच नियम सांगितला होता. प्रत्येक खोक्यात चाळीस रोपे. त्यांतली कडेची पाच साक्षीची.

"तिसरं पान फुटलं की दर दोन दिवसांनी त्यातलं एक उकरून काढायचं," ती म्हणाली. "पान बघायचं नाही, मूळ बघायचं. मुळाचं टोक खोक्याच्या तळाला टेकलं, की त्याच दिवशी लावणी. वारा असो, गारठा असो."

"आणि उकरलेल्या रोपाचं काय, जाऊबाई?"

"ते गेलं. त्याचं काम तेवढंच."

धाकटीला हिशेब येत होता. खोकी साठ, प्रत्येकात पाच साक्षीची. म्हणजे तीनशे कंद. तीनशे कंदांत तीन घरांचा हिवाळा निघतो. मागच्या माघात तिच्या मुलीला दिवसाकाठी अर्धा कंद जास्त मिळाला असता, तर आज ती अंगणात धावली असती. आणि दर वर्षी आपण तीनशे रोपे मारतो ती कशासाठी, तर नुसते बघण्यासाठी!

त्या वर्षी तिने एकही रोप उकरले नाही.

रोपे सुरेख वाढली. साठ खोक्यांत एकही जागा रिकामी नव्हती. लावणीचे दिवस आले, जमीन मऊ झाली, पण उत्तरेचा वारा काही थांबेना. गावचा पाटील गोठ्यात डोकावला आणि दारातच थबकला.

"अरे वा! ही रोपं म्हणायची की केळीची बाग? वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे." मग त्याने आवाज जरा मोठा केला, मागे चारजण उभे होते म्हणून. "आता घाई करू नका. बाहेर वारा बघा, कोवळी पानं करपतील. पौर्णिमेला लावणी करू. अकरा दिवसांचा तर प्रश्न. खालच्या चार गावांनाही बोलावतो. बघू देत त्यांना, रोप कशाला म्हणतात ते."

थोरली भिंत चाचपत गोठ्यात आली. तिने पहिल्या खोक्याच्या कडेवर हात टेकला.

"एक उकर," ती म्हणाली.

"जाऊबाई, सगळी जगली आहेत हो. एकसुद्धा मेलं नाही. पानं वीतभर झालीत. हात तर लावून बघा."

"पानं मला कशाला दाखवतेस? पानं आंधळीलाही कळतात. एक उकर."

पाटील हसला. "ऐकलंत? डोळ्यांपुढचं दिसत नाही आणि म्हातारीला मातीखालचं बघायचंय!"

मागचे चारही जण हसले. थोरली हसणे संपेपर्यंत थांबली.

"पाटील, मातीखालचं मलाही दिसत नाही. म्हणून तर उकरायला सांगते," ती म्हणाली.

धाकटीने कडेच्या एका रोपाला हात घातला. देठ जाड होता, रसाने भरलेला. तिच्या बोटांना ते रोप वाटलेच नाही. मुलीच्या ताटातला अर्धा कंद वाटला. तिने हात काढून घेतला.

"नाही उकरणार," ती म्हणाली. "पौर्णिमेलाच लावू."

थोरली आली तशी भिंत चाचपत परत गेली. त्यानंतर तिने रोपांचा विषय काढला नाही.

पौर्णिमेला लावणी झाली. खालच्या गावांची माणसे आली आणि तोंडभर कौतुक करून गेली. खोक्यातून पहिले रोप सोडवताना धाकटीला त्याच्या बुडाशी मुळांची एक पांढरी चकती दिसली. मुळे तळाला आपटून वळली होती, वाट नाही म्हणून स्वतःभोवतीच गुंडाळली गेली होती. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिने स्वतःला समजावले, की इतकी मुळे आहेत म्हणजे रोपाला जोरच आहे. तिने ते खड्ड्यात ठेवले आणि माती लोटली.

उन्हाळाभर शेत हिरवेगार राहिले. लोक वाटेने जाताना मुद्दाम थांबत. पाल्याची भाजी घरोघर शिजली. पाटील भेटेल त्याला सांगे, "अकरा दिवस थांबा म्हटलं, ते मी."

काढणीच्या दिवशी पहिली कुदळ पाटलाने मारली. पाल्याला धरून त्याने ओढले आणि हातात आले ते बघत उभा राहिला. ते काथ्याच्या गाठीसारखे होते: पीळ पडलेले, अंगठ्याएवढे, खोक्यात गुंडाळले गेले तसेच राहिलेले. चावले तर दातांत नुसते दोरे येत. दुसरे उपटले. दहावे उपटले. संध्याकाळपर्यंत सगळे शेत उपटून झाले. दर दहांत एक कंद खाण्याजोगा निघाला.

"आम्हाला काय ठाऊक? वरून तर झकास दिसत होतं," लोक म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते.

वाळूचा खड्डा त्या वर्षी गुडघाभरही भरला नाही. पहिल्या महिन्यात गावाने बहुतेक गुरे मारली, दुसऱ्यात उरलेला वाळला पाला उकळून खाल्ला. तिसऱ्या महिन्यात माणसे मरू लागली. आधी फार म्हातारी, मग फार लहान. थोरलीने आपला वाटा मुलीच्या ताटात सरकवायला सुरुवात केली होती. धाकटीने ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले. तेही पुरले नाही. चौथ्या महिन्यात, जमीन अजून दगडासारखी होती तेव्हा, मुलगी गेली. खणता येईना म्हणून तिला दगडांखाली ठेवावे लागले.

थोरलीने एका शब्दानेही बोल लावला नाही. धाकटीला तो शब्द ऐकायचा होता. तो आला असता, तर तिला निदान भांडता आले असते.

पुन्हा वसंत आला. बियाण्यासाठी वेगळे राखलेले जुने कंद गेल्या उन्हाळ्यात बीला आले होते, म्हणून बी होते, पण थोडे. या खेपेला खोकी वीसच भरली. तिसरे पान फुटले त्या दिवशी धाकटीने कडेचे एक रोप उकरले, मुळावरची माती झटकली आणि ते थोरलीच्या बोटांत दिले. थोरलीने मूळ टोकापर्यंत चाचपले.

"अजून दोन बोटं आहेत," ती म्हणाली.

आठ दिवसांनी ती म्हणाली, "टेकलं."

बाहेर वारा गेल्या वर्षीसारखाच होता. धाकटीने खोकी उचलून शेतात नेली. बांधावर पाटील भेटला. त्याच्याही घरातले एक माणूस त्या हिवाळ्यात गेले होते. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्याने खोक्यांच्या कडेच्या रिकाम्या जागा पाहिल्या.

"वहिनी, बी आधीच कमी," तो म्हणाला. "त्यातली इतकी रोपं वाया घालवलीत?"

धाकटीने खोके खाली ठेवले.

"गेल्या वर्षी मी एकही वाया घालवलं नव्हतं," ती म्हणाली आणि पहिला खड्डा करायला वाकली.

तात्पर्य: जे झाकलेले आहे, ते पारखण्यासाठी थोडे गमवावे लागते. त्या थोड्याला जो नुकसान समजतो, त्याला खरे नुकसान उशिरा आणि पुरते कळते.