पखालीच्या रेड्यांची वाट

एकदा एका विणकरांच्या नगरीत एक वृद्ध न्यायाचार्य होते. त्यांच्याकडे श्रीकर नावाचा शिष्य दंडनीती शिकत होता. सगळा कायदा त्याला तोंडपाठ होता, अक्षरही सुंदर होते. पण त्याने लिहिलेला निवाडा आचार्यांनी भर सभेत वाचून दाखवला आहे, असा दिवस मात्र अजून उगवला नव्हता.

त्या नगरीत कुठे आग लागली की घंटा बडवली जाई आणि नदीवरचे पखाली आपले रेडे घेऊन धावत सुटत. प्रत्येक रेड्याच्या पाठीवर पाण्याने टम्म भरलेली कातड्याची पखाल असे. कायदा असा होता की रस्त्यात दंगा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि पखाल्यांना अडवणाऱ्यालाही तेवढीच. किती द्यायची, हे न्यायाचार्यांनी ठरवायचे.

चैत्रातल्या एका सकाळी सभेत दोन आरोपी उभे राहिले. दोघांचेही अपराध एकाच दिवसाचे होते.

पहिला रंभाजी पहिलवान. कुस्ती मारल्याच्या आनंदात तो शंभरेक पोरे घेऊन बाजारात शिरला होता. हलग्या, शिट्ट्या, आरोळ्या! कुंभारांच्या उतरंडी कोसळल्या, भाजीच्या पाट्या उलटल्या. एवढ्यावर न थांबता न्यायसभेच्या दारात उभे राहून त्याने आचार्यांवर रचलेले गाणे म्हटले. त्यात आचार्यांच्या दाढीला बोकडाची उपमा होती.

दुसरे तुळाजीशेट, कापडाचे व्यापारी. धुतल्या तांदळासारखी पांढरी पगडी, वाणी मधाची. त्या दिवशी त्यांच्या मुलाची वरात होती आणि नेमकी तेव्हाच विणकर आळीत आग लागली होती.

श्रीकरने रात्रभर विचार करून निवाडा लिहिला होता. रंभाजीला पूर्ण सहा महिने. शेटजींना समज देऊन मोकळे करावे. कागद त्याने आचार्यांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, बाजूला सारला आणि रंभाजीला विचारले, "पखालीचे रेडे आले, तेव्हा तू कुठे होतास?"

सभा चकित झाली. पहिलवान खाली मान घालून म्हणाला, "भिंतीला, महाराज."

"म्हणजे?"

"घंटा ऐकली न् भिंतीला चिकटलो. माझी पोरंबी चिकटवली. एक बेणं हलगी वाजवत मधी उभं होतं, त्याला उचलून ओट्यावर फेकलं."

सभेत हशा पिकला. पखाल्यांचा म्होरक्या दस्तगीर पुढे झाला. "खरं आहे, हुजूर. एवढी गर्दी होती, पण आम्ही बाजारातून सुसाट निघालो."

आचार्य तुळाजीशेटांकडे वळले. "आणि तुम्ही, शेटजी?"

"मी हात जोडून उभा होतो, महाराज," शेटजी नम्रपणे म्हणाले. "कोणाच्या अंगाला बोट लावलं नाही. मुलगा घोड्यावर होता. नवरदेवासमोरून रेडा आडवा जाणं अशुभ! म्हणून एवढंच म्हणालो, वरात पुढे जाऊ द्या, मग खुशाल जा. पखाल्यांना पानसुपारीही दिली."

"दिली ना," दस्तगीर म्हणाला. "एका हाताने पान दिलं, दुसऱ्या हाताने रेड्याची दोरी धरून ठेवली. अर्धी घटका गेली, हुजूर."

कोपऱ्यात नरसय्या विणकर उभा होता. त्याच्या दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली होती. त्या अर्ध्या घटकेत त्याने बायकोला आणि तान्ह्या मुलीला लुगड्याला बांधून माडीवरून खाली सोडले होते आणि शेवटी स्वतः उडी टाकली होती.

"हात कसे आहेत?" आचार्यांनी विचारले.

"होतील बरे. पोर खुशाल आहे," नरसय्या हसून म्हणाला. मग हळूच पुस्ती जोडली, "माग मात्र जळाला."

आचार्यांनी निवाडा सांगितला. रंभाजीने आठ दिवस बाजारात राबावे, मोडले तेवढे उभे करून द्यावे, आणि ज्यांच्या पाट्या उलटल्या त्यांची माफी मागावी. तुळाजीशेटांनी नरसय्याला नवा माग करून द्यावा आणि पूर्ण सहा महिने कैद भोगावी. मात्र ती बंदिशाळेत नव्हे, पखाल्यांच्या गोठ्यावर. घंटा झाली की त्यांनी रेड्यांच्या पुढे धावत वाट मोकळी करायची.

शेटजींनी डोक्यावरची पगडी चाचपली.

घरी परतताना श्रीकरला राहवेना. "आचार्य, ज्याने बाजार उलथून टाकला, भर रस्त्यात आपला अपमान केला, त्याला आठ दिवस. आणि ज्याने आवाजही चढवला नाही, त्याला सहा महिने?"

आचार्य म्हणाले, "बाळा, तू आवाज मोजलास. रंभाजीने मोडलं ते तो उद्या उभं करील. माझ्या मानापमानाचं म्हणशील, तर गाण्याची चाल चांगली होती. शेटजींनी नरसय्याची अर्धी घटका घेतली. ती परत घडवून देईल असा कारागीर या नगरीत नाही. संकटाकडे धावणाऱ्याची वाट ही संकटात सापडलेल्याची असते. ती दांडगाईने अडवली काय, पानसुपारी देऊन अडवली काय, माडीवर उभ्या असलेल्या माणसाला काही फरक पडत नाही."

श्रीकरने मान डोलावली. पण मनातून त्याला पुरते पटले नव्हते.

दोन महिने गेले. वसंत संपून ज्येष्ठ लागला. राजसभेत आचार्यांचा सत्कार ठरला आणि त्यांना पालखी आली. शिंगे फुंकली जात होती, माड्यांवरून फुले पडत होती. श्रीकर उंची उपरणे घेऊन पालखीच्या पुढे चालत होता. आयुष्यात त्याला इतके मोठे झाल्यासारखे कधी वाटले नव्हते.

आणि घंटा वाजली.

नदीच्या बाजूने कोणी धावत येत होते. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेले, पगडीचा पत्ता नाही, घामाने निथळलेले. ते तुळाजीशेट होते. "वाट सोडा! लाकूडवखारीला आग लागलीय! वाट सोडा!" त्यांच्या मधाच्या वाणीचा आता नगारा झाला होता. मागे धाडधाड पावले टाकत रेडे येत होते.

श्रीकरचा हात आपसूक वर गेला. "थांबा!" तो ओरडला. "क्षणभर थांबा, आचार्यांची पालखी—"

बोलता बोलता त्याने मागे पाहिले. पालखी भिंतीला टेकलेली होती आणि रिकामी होती. भोई ओट्यावर चढले होते. त्यांच्या शेजारी, शालीचा बोळा काखेत मारून, पाठ भिंतीला लावून, ऐंशी वर्षांचे आचार्य उभे होते आणि लहान मुलासारखे हसत होते.

रस्त्याच्या मधोमध एकटा श्रीकर उभा होता.

त्याने उडी मारली. पहिला रेडा त्याला घासून गेला. पखाल हिंदकळली आणि त्याचे उंची उपरणे चिंब झाले. तुळाजीशेटांनी धावता धावता त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. जणू ते म्हणत होते, होतं असं, माझंही झालं होतं.

थोड्याच वेळात वखारीकडून आरोळी आली, "विझली! विझली!" साऱ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. श्रीकरही ओल्या हातांनी वाजवू लागला. मग त्याने आचार्यांकडे पाहिले आणि वाकून नमस्कार केला.

आपल्या मागे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो, तेव्हा त्या क्षणी आपलाही हात वर जाऊ पाहतो का, एवढे प्रत्येकाने पाहावे.