चोच नसलेलं महाळुंग

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या साळवखारात हसाजी तेली राहायचा. जातीनं इस्रायली, म्हणजे यहुदी. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा, म्हणून लोक त्या जातीला शनवार तेली म्हणत. हसाजी तोंडाचा फटकळ, पण सणाला एकदम काटेकोर.

सात दिवसांच्या मांडवाच्या सणाला शिंदीचा कोंब, वाळुंजाची डहाळी, सब्जा आणि महाळुंग, म्हणजे मोठ्या लिंबासारखं फळ, हातात धरून देवाचं नाव घ्यायचं. दक्षिणेकडून आलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी हे शिकवलं. ते म्हणाले, "महाळुंगाला टोकाशी चोच असते. ती मोडली, फळ कापलं, की ते सणाला बाद." एवढ्यात हसाजीचा बैल सुटला. हसाजी त्याला धरायला धावला. पुढचं ऐकलंच नाही.

त्या साली वादळानं झाडं झोडपली. हसाजी तीन दिवस डोंगर तुडवून एकच महाळुंग घेऊन आला. त्याची चोच त्यानं कापसात गुंडाळली होती. सण लागला आणि गावात पटकी आली. तिसऱ्या दिवशी त्याची बायको रिबकाबाई आडवी झाली. पोटात पाण्याचा घोट टिकेना. शेजारची सुईण म्हणाली, "हसाजी, महाळुंगाचा रस पाज, ओकारी थांबेल."

"सण संपू दे. चार दिवस राहिलेत."

"चार दिवस? मेल्या, ती उद्याची सकाळ बघेल का?"

हसाजी रिबकाबाईजवळ बसला. ती म्हणाली, "अहो, नुसता वास तरी द्या." त्यानं महाळुंग तिच्या नाकासमोर धरलं. चोचीला धक्का लागू नये म्हणून लांबूनच धरलं. तिनं वास घेतला, हसली, आणि संपली. घरभर तो वास सात दिवस राहिला, असं म्हणतात.

वर्षभरानं गुरुजी परत आले. हसाजीनं अख्खं वाळलेलं फळ त्यांच्यापुढे ठेवलं. "बघा, चोच शाबूत आहे."

गुरुजींनी सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. "अरे, तू बैलामागे गेलास, त्याच्या पुढचंच वाक्य होतं. जीव जात असेल तर फळ काप, सण मोड. देवाला चालतं."

हसाजी पुन्हा कुणाशी बोलला नाही, असं म्हणतात. त्या फळाच्या बिया त्यानं रिबकाबाईच्या कबरीशी पेरल्या आणि खाडीचं खारं पाणी घातलं. गोडं पाणी लांब नव्हतं, पण त्यानं खारंच घातलं. खाऱ्या पाण्यानं झाड मरायला हवं होतं. ते वाढलं. फळं धरली, पण एकालाही चोच नाही. आजतागायत नाही.

सणाला ती फळं चालत नाहीत. म्हणून साळवखारात अजून मांडवाच्या सणाला, पहिल्या सकाळी, त्या झाडाचं फळ आधी आजाऱ्याच्या घरी जातं. मग तो आजारी कुठल्याही जातीचा असो. विळीवर धरताना बाया म्हणतात, "रिबकाबाई, आधी तू घे." मग कापतात. तोवर मांडवात कुणी महाळुंगाला हात लावत नाही.