रिकामी गाडी न ओढणारा बैल

पूर्वी वेत्रवती नगरात पृथुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोणक नावाच्या शेतकऱ्याच्या घरी बैल होऊन जन्मले होते. बैलाचे नाव पवळा.

त्या नगराची एक रीत होती. भात घेऊन आलेली गाडी रिकामी परतत नसे. हत्तीशाळेतले शेण आणि चुलींची राख घेऊन शेताकडे जाई. नवा अमात्य कुंडल याला ते खटकले. "राजद्वारातून शेण मिरवणे शोभत नाही," म्हणून त्याने ते सगळे नगराच्या तळ्यात टाकायला लावले. रस्ते स्वच्छ झाले, राजा खूश झाला.

तिसऱ्या वर्षी तळे हिरव्या शेवाळाने भरले, मासे मेले, पाणी तोंडात धरवेना. गावात भाताच्या लोंब्या पोचट निघाल्या. कुंडल म्हणाला, "शेतकरी धान्य लपवतात," आणि त्याने बियाणेही आणण्याचा हुकूम काढला.

सोणकाने बियाण्याचे शेवटचे पोते नगरात उतरवले. पेरायला घरात मूठभरही उरले नव्हते. परतताना पवळा द्वारातच बसला. चाबूक झाला, शेपटी पिळून झाली, तो उठेना. कुंडलाने त्याला कसायाकडे धाडायला सांगितले, तेवढ्यात राजा आला.

"महाराज, बारा वर्षांत हा असा कधी बसला नाही," सोणक हात जोडून म्हणाला.

तेव्हा पवळा मनुष्यवाणीने बोलला. "महाराज, शेताने पिकवलेले तुम्ही खाल्ले, हत्तींनी खाल्ले. उरलेले शेताकडे परत जाई, म्हणून पुन्हा पिके. तुम्ही ते तळ्याला भरवलेत. शेत उपाशी मेले, तळे अजीर्णाने. तीन वर्षे मी रिकामी गाडी मुकाट ओढली, ही माझी चूक. आज बियाणेही गेले. आता मला कापलेत तरी चालेल, पण ही गाडी मी रिकामी नेणार नाही."

राजा ओशाळला. त्याने बियाणे परत दिले आणि उपरणे नाकाला लावून स्वतः शेणाची पाटी गाडीत टाकली. पवळा कोणी न हाकता उठला. कुंडलाला तळ्यातला गाळ काढून शेतांवर पोहोचवण्याचे काम मिळाले. शेते दोन वर्षांत सावरली. तळे निवळायला मात्र सात वर्षे लागली.

एवढे सांगून तथागतांनी समोरच्या भिक्षूकडे पाहिले. त्याने सकाळीच विहारातल्या आंब्याखालचा पाचोळा झाडून पेटवला होता. "तेव्हाचा सोणक म्हणजे आज आंब्याला पाणी घालणारा माळी, राजा म्हणजे विहाराला जमीन देणारा गृहस्थ, बैल मी आणि कुंडल तू. त्या बैलाने जपली ती कृतज्ञता."

 घागर उचलून भिक्षू धुमसणाऱ्या ढिगाकडे गेला.