हाकेला येणारी पाखरं

"मग त्या चोराला सोडून मलाच का विचारता, माई?"

जगदेवानं हातातली काठी अंगणात आपटली. शिवेपर्यंत धावून आल्यानं त्याचा ऊर भात्यासारखा वरखाली होत होता.

ठकूमाई मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"पाखरू कुणाच्या हाकेला आलं?"

"त्याच्या. त्या दौलतरावाच्या मेव्हण्याच्या."

"हाक कुणाची होती?"

जगदेवाची नजर परसाकडं वळली.

हाक त्याचीच होती. जीभ टाळूला लावून दोनदा टकटक करायचं आणि मग हळूच म्हणायचं, "या गं, या." मठाच्या परसात त्यानं स्वतः तळं खोदलं होतं. काळी चिकणमाती आणून, पायांनी तुडवून तुडवून तळ पक्का केला होता, तेव्हा कुठं विहिरीच्या पाटाचं पाणी त्यात ठरलं. काठानं लव्हाळा लावला. मग पाखरं आली. आधी खंड्या, मग ढोकरी बगळे, आणि शेवटी पांढऱ्या छातीच्या पाणकोंबड्यांची जोडी.

पाणकोंबडी ही भारी लाजरी जात. माणसाची चाहूल लागली की गवतात गुडुप. पण जगदेवानं चिकाटी सोडली नाही. रोज त्याच जागी, त्याच वेळी, ज्वारीच्या कण्या तळहातावर घेऊन तो दगडासारखा बसून राही. एके दिवशी मादी शेपटी उडवत आली आणि थेट हातावर चढली.

त्या दिवशी हा दांडगा गडी लहान पोरासारखा रडला होता.

त्यालाही कारण होतं. जगदेव मठात आला तो घरी भावांची डोकी फोडून. राग कायम नाकावर. तो घरात शिरला की पुतणे पोत्यांमागं दडत, बायका पदर सावरून आत जात, कुत्रंसुद्धा खाटेखाली सरके. आयुष्यात आपणहून त्याच्याजवळ आलेला पहिला जीव म्हणजे ती पाणकोंबडी.

आणि मग व्हायचं तेच झालं. गावभर बोभाटा झाला. जगदेवबुवांच्या अंगी अहिंसा बाणली, त्यांच्या हातावर रानपाखरं खेळतात! दौलतराव हे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी मठावर नवे पत्रे घालून दिले होते, त्यामुळे आपल्या पाहुण्यांना हा चमत्कार दाखवायचा हक्क आपला आहे असं ते धरून चालत. पाहुणे येत, जगदेव हाक मारी, पाखरं येत, बायाबापड्या त्याच्या पाया पडत. जगदेवाच्या अंगावर मूठभर मांस चढे. पाया पडून घ्यायची सवय फार लवकर लागते.

त्या सकाळी मेव्हणा एकटाच मागं रेंगाळला. त्यानं हुबेहूब जगदेवासारखी टकटक केली. मादी धावत आली, हातावर चढली. त्यानं वरून उपरणं टाकलं.

जगदेव पोचला तेव्हा काठावर चार पिसं होती आणि दूर रस्त्यावर जीपचा धुरळा.

"मी त्याच्या घरी जातो," तो म्हणाला. "त्याचे हात मोडतो."

"मोड. आन् मागं नर ऱ्हायला, पिलं ऱ्हायली, त्यांचं?"

"त्यांना मी सांभाळतो."

"रातंदिस? जन्मभर?"

"व्हय!"

ठकूमाईनं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"आपण भिक्षेला रोज नवं दार का धरतो रे?"

हा त्यांच्या पंथाचा जुना नेम होता. काल गेलेल्या दारी आज जायचं नाही. मठात पाऊल टाकलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवत.

"दार वाट बघाया लागतं म्हणून," जगदेव पुटपुटला.

"मग ह्या पाखरांना वाट बघाया कुणी लावलं?"

जगदेवानं आपटलेली काठी उचलून ओसरीला टेकवली.

"उद्या सकाळी त्यांना हाक मार," माई म्हणाली. "आली की ढेकूळ मार."

जगदेवाला वाटलं, आपण चुकून भलतंच ऐकलं.

"कुणाला?"

"पाखरांना."

"न्हाई मारणार."

"जगदेवा..."

"न्हाई म्हंजी न्हाई!" त्याचा आवाज एवढा चढला की पडवीतली गाय दचकून उभी राहिली. "गुरू असलात म्हणून काय झालं? जन्मभर मला बघून समदी पळालीच की, माई. ही एवढी येतात जवळ. एवढीच! ती बी हाकलू? तुमाला मारायची असली तर तुमी मारा."

"माझ्या ढेकळाचं त्यांना काय?" ठकूमाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "माझ्या हातावर ती कधी आलीच न्हाईत. म्या मारलं तर ती मलाच भितील. माणसाला न्हाई भिणार. माणसाला भितील ती तू मारलंस तरच."

"मग मी मठच सोडतो."

"सोड. पर पाखरं अशी मागं टाकून जाऊ नको."

जगदेवानं खरोखर गाठोडं बांधलं. झोळी खुंटीवर टांगली, माईच्या पाया न पडता निघाला. मठात इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. ठकूमाई शेंगा सोलतच होती.

तो फाटकापाशी पोचला आणि मागून आवाज आला.

टक... टक...

वळून बघतो तो काय! कुणीतरी वाटसरू, पाणी प्यायला आत शिरलेला, काठावर उकिडवा बसून गंमत करत होता. त्यानं ही हाक कुठं ऐकली होती देव जाणे. आणि लव्हाळ्यातून नर निघाला. मागं कापसाच्या काळ्या बोळ्यांसारखी पिलं. नर तुरुतुरु चालत गेला आणि त्या परक्या माणसाच्या बोटांना चोच लावू लागला.

जगदेवाला आधी राग आला, तो पाखराचा. माझ्याखेरीज दुसऱ्याकडं कसा गेला हा? सकाळी मादी गेली आणि आता हा असा कुणाच्याही हातावर? आपण एवढे दिवस ज्याला आपलं म्हटलं ते आपलं नव्हतंच की काय?

मग त्याला वाटसरूच्या खांद्यावरचा गमछा दिसला, सकाळचं उपरणं आठवलं. आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यानं गाठोडं टाकलं. वाफ्यातलं ढेकूळ उचलून भिरकावलं. ते रागाचं होतं की मायेचं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ढेकूळ नराच्या पायाशी फुटलं. पिलं चिरकत पाण्यात पडली. वाटसरू शिव्या घालत पळाला.

ठकूमाई ओसरीवरून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून जगदेव तळ्यावर बसू लागला, पण कण्या न घेता. हाक मारायची आणि ढेकूळ टाकायचं. पुन्हा हाक, पुन्हा ढेकूळ. नेम चुकवून, पण अगदी जवळ. पाया पडायला आलेल्या बाया हबकून मागं सरत आणि कुजबुजत, बुवांना बाहेरचं काही झालंय. कुणी अंगारा आणला, तो जगदेवानं गाईच्या कपाळाला लावला.

ढोकरी बगळे आधी शहाणे झाले. मग पिलं. खंड्या कधी हाकेला येतच नव्हता, त्याचं बरं होतं.

नर तेवढा हट्टी निघाला. ढेकूळ पडलं की उडे, आणि लव्हाळ्याच्या कडेला येऊन मान वाकडी करून बघत राही. आपला माणूस आज असा का वागतो, हे त्याला कळत नव्हतं. जगदेवाला ते बघवत नसे. तो तोंड फिरवून घेई आणि माईवर मनातल्या मनात दात खाई. मला माणसात आणलं कशाला, पुन्हा राक्षसच करायचा होता तर?

अशात दौलतराव आले. बरोबर जिल्ह्याच्या गावचे बडे पाहुणे, त्यांच्या जरीकाठी बायका, दोन गाड्या भरून.

"बुवा, बोलवा तुमच्या पाखरांना."

"येत न्हाईत आता."

"असं कसं? मी शब्द दिलाय सगळ्यांना."

"त्यांना ईचारून दिला का?"

दौलतरावांचा चेहरा उतरला. मग ते पाहुण्यांकडं वळून हसले. "बुवांची सिद्धी आटली वाटतं. पहिल्यासारखा राग आलाय पुन्हा. स्वभाव कुठं जातो!"

पाहुणे हसले.

ते हसू जगदेवाला झोंबलं. त्यानं ओसरीकडं पाहिलं. माई तिथंच होती. तिनं हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

तो काठावर बसला. तळहात उघडला. आत काहीच नव्हतं.

टक... टक... "या गं, या."

लव्हाळा हलला नाही. दौलतराव खाकरले. आणि मग, सगळं सोसूनही, नर बाहेर आला. थांबत, बिचकत, शेपटी उडवत. एक पाऊल पुढं, अर्धं मागं. पाहुण्यांचा श्वास थांबला.

नर हातावर चढला.

जगदेवाचे डोळे भरून आले. वाटलं, जग बुडू दे. मठ बुडू दे, माई बुडू दे. हा आला ना? एवढं मारूनही आला ना माझा? रिकाम्या हातावर आला! असं त्याच्यावर आजवर कुणी, त्याच्या सख्ख्या आईनंही, प्रेम केलं नव्हतं. त्या घटकेला कुणी राज्य दिलं असतं तरी त्यानं ते घेतलं नसतं.

"अगंबाई, किती गोड!" मागून एक बाई म्हणाली, आणि तिनंही गमतीनं जीभ टाळूला लावली.

टक... टक...

नरानं मान वळवली. तिच्याकडं बघू लागला.

जगदेवानं हात झटकला. नर खाली पडला. सावरतोय तोवर जगदेवानं ढेकूळ उचललं होतं. या वेळी त्यानं नेम चुकवला नाही.

ढेकूळ पंखावर बसलं. नर किंचाळला, पाण्यात कोसळला, फडफडत, पाणी उडवत लव्हाळ्यात शिरला.

"अरे खाटका!" कुणीतरी ओरडलं. एक बाई रडू लागली. दौलतराव लालबुंद होऊन ओसरीच्या पायरीपाशी गेले.

"माई, ह्याला आत्ताच्या आत्ता हाकला. बघितलंत ना? हातावर बसलेलं पाखरू मारलं त्यानं! हा इथं राहणार असेल तर माझे पत्रे माझ्या घरी. मठ उघडा पडेल, सांगून ठेवतो."

"शिडी पडवीत हाय," ठकूमाई म्हणाली.

दौलतराव बघतच राहिले.

"माई, मी काय बोललो, कळलं का तुम्हाला?"

"कळलं. खिळे जुने हायत. जपून काढा, हाताला लागतील."

दौलतरावांनी उपरणं झटकलं. पाहुणे गाड्यांत बसले. अंगण रिकामं झालं.

जगदेव काठावर तसाच बसून होता. माई काठी टेकत आली आणि त्याच्याजवळ उभी राहिली.

"लागलं त्याला, माई."

"लागलं."

"मरंल का?"

माई लव्हाळ्याकडं बघत राहिली.

बऱ्याच वेळानं पलीकडच्या काठाला लव्हाळा हलला. नर बाहेर आला. एक पंख किंचित खाली धरला होता, पण चालत होता. त्यानं मान वर केली. जगदेव दिसला.

क्षणात तो गवतात दिसेनासा झाला.

जगदेवाच्या तोंडून हुंदका फुटला. डोळे पुसायच्याही भानगडीत तो पडला नाही. रागानंच उठून उभा राहिला.

"झालं तुमच्या मनासारखं? आता जल्मात येणार न्हाई त्यो. कुणाकडंच न्हाई. माझ्याकडं तर न्हाईच न्हाई!"

"न्हाई येणार."

"मग मी हितं ऱ्हाऊ कशाला? सांगा ना! कुणासाठी ऱ्हाऊ आता?"

ठकूमाईनं तळ्याकडं बघितलं.

"पाण्यात पानं पडल्यात," ती म्हणाली. "काढ."