दुबईच्या फ्लॅटचा सत्यनारायण

शशिकाकांना दुबईत फ्लॅट हवा होता. तिथली बँक कर्ज देणार होती, पण सुरुवातीची मोठी रक्कम काकांनीच भरायची होती. त्यासाठी त्यांनी आमचं कराडचं घर गहाण टाकायचं ठरवलं. बाबा गेल्यापासून ते आईच्या नावावर आहे आणि आम्हाला दुसरा आसरा नाही. आईला मात्र कुणी विचारलंच नाही.

वरून त्यांनी आमच्याच घरात फ्लॅटचा फोटो चौरंगावर ठेवून सत्यनारायण मांडला. काकांनी गहाणखत पुढे करून आईच्या हातात पेन दिलं.

"वहिनी, पूजा झाली की सही करा. फ्लॅट काय, आपल्या सगळ्यांचाच आहे."

"मग पूजेला आईच बसू दे," मी म्हणालो.

"कॉलेज सोडलंस, आता अक्कलही सोडलीस? विधवा बाई शुभकार्याला चालते का?"

जमलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकालाही लाज वाटली नाही. आई भिंतीकडे सरकली.

"मग काका, तिची सही कशी चालते? तुमच्या फ्लॅटला अपशकुन होईल ना!"

काकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी तुळस निवडत राहिले.

आईनं शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"खरंच भाऊजी, एवढ्या शुभकार्याला माझा हात नको."