तांबड्या बागेतली माणसं

“...आणि यांना तोंडं कधी काढणार, मास्तर?”

विचारून मोकळा झाला निवास. बारा वर्षं मास्तरांकडे रंग घोटलेला गडी. हुबेहूब माणूस उतरवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं! शिक्षण पुरं झालं की मास्तर आपला ब्रश शिष्याच्या हाती देत. तोच मागायला स्वारी आली होती.

आणि बघतो तर काय! मास्तरांच्या नव्या चित्रात घरामागची बाग तांबडीभडक. झाडं वेडीवाकडी. मधे तीन माणसं, म्हणजे नुसते हिरवे-निळे फराटे.

“लोक हसतील हो.”

“हसू देत की... तुझं चित्र आणलंयस ना? ठेव शेजारी. आणि भिवाला हाक मार.”

निवासच्या चित्रातही तीच बाग होती. त्यात भिवा माळ्याची बायको कौसा खुरपत होती. हातातल्या बांगड्या मोजून घ्याव्यात इतकी हुबेहूब. चित्र झालं आणि त्याच थंडीत कौसा गेली.

भिवा माती झटकत आला. आधी निवासच्या चित्रापुढे उभा राहिला.

“वा! लुगड्याचा काठ अगदी तस्साच की ओ!”

निवास खुलला.

मग भिवा दुसऱ्या चित्राकडे वळला... आणि दोन पावलं पुढे झाला.

“कौसे,” तो त्या हिरव्या फराट्याला म्हणाला, “किती वाकशील गं? ऊन झालं. ऊठ आता.”

निवास चटकन चित्राजवळ गेला.

त्यानं पुन्हा पाहिलं. फराटा वाकलेला होता. एक हात मातीत, दुसरा मागे कमरेवर. हो, दुखरी कंबर अशीच धरायची ती! रोज बघितलं होतं त्यानं. आणि चित्र काढताना तीन दिवस तिला पाटावर बसवून, हातात खुरपं देऊन दटावलं होतं, “मावशी, हलू नका.”

भिवा डोळे पुसत बागेत गेला.

मास्तरांनी ब्रश पुढे केला. निवासचा हात काही वर येईना.

“मास्तर... तुम्ही तिला कुठं बसवलं होतंत?”

मास्तरांनी खिडकीतून बागेकडे पाहिलं.

“ती बसायची कधी, बाबा?”