गादीचा छकडा

नदीकाठच्या एका गावात कोंडाजी सुतार राहायचा. नांगर नाही, पाळणा नाही, दारं-खिडक्या तर नाहीतच. हा गडी करायचा फक्त पटात पळवायचे छकडे. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि त्या गावाला तिचं भलतंच वेड. कोंडाजीचा छकडा म्हणजे दोन चाकं, एक दांडी आणि बूड टेकायला वीतभर फळी. बस्स, एवढंच. पण काय पळायचा म्हणता! वाटेत खडा आला तरी हाकणाऱ्याच्या तळपायाला कळायचा. बैलाच्या नुसतं मनात आलं, तरी कासरा हाताला सांगायचा. पंचक्रोशीतले हाकणारे या छकड्यांवर जीव टाकत, आणि त्यांच्याच तोंडून कोंडाजीचं नाव लांबवर गेलं.

जाता जाता ते कापसाचा व्यापारी लखूशेठ याच्या कानावर गेलं. शेठनं जन्मात कासरा धरलेला नव्हता. पण चारचौघांत मिरवायला कोंडाजीचा छकडा दारात हवा, असं त्याच्या मनानं घेतलं.

"पटाचाच हवा," शेठ म्हणाला. "फक्त हिसका बसायला नको."

कोंडाजीला हसू आलं. तरी शेठसारखा माणूस आपल्या उंबऱ्याशी आला म्हणून तो सुखावलाही. त्यानं फळी रुंद केली, वर मऊ गादी घातली. मग शेठला टेकायला पाठ हवी झाली. मग उन्हाला झालरीचं छत. एवढं ओझं झाल्यावर चाकं जाड करावी लागली, दांडी दुप्पट झाली. आता पळतानाचा तो घरघराट ऐकू येईना, तर शेठनं घुंगरांच्या माळा लावून घेतल्या. निदान पळाल्यासारखं वाटायला नको का? शेठ खूश, शेठचे मेहुणे खूश, व्याही खूश. ज्याला त्याला तसाच छकडा हवा. कोंडाजीला मान वर करायला फुरसत उरली नाही. पूर्वी नवा छकडा तो स्वतः पळवून बघायचा, तेही कधी सुटलं ते त्याचं त्याला कळलं नाही.

अशात पटाचा दिवस जवळ आला. भुजंगा हा त्या मुलखातला सगळ्यात पट्टीचा हाकणारा. कोंडाजी मोठ्या हौसेनं शेठसाठी केलेला नवा छकडा घेऊन त्याच्या दारी गेला.

भुजंगा गादीवर बसला, पाठ टेकली, घुंगरं वाजवून पाहिली आणि खाली उतरला. "छान आहे, भाऊ," तो म्हणाला. "पण याच्यावर बसलं की झोप येते."

"मग पटात काय पळवणार? खाट?"

भुजंगानं कडुनिंबाखाली बोट दाखवलं. तिथं एक ध्यान उभं होतं. बाभळीची वाकडी दांडी, दोन जातींची दोन चाकं, जागोजागी काथ्यानं आवळलेलं. हाकणाऱ्यांनी मिळून स्वतःच ठोकलेला छकडा होता तो. "तुमच्याकडे आलो होतो आम्ही," भुजंगा म्हणाला. "तुम्ही शेठजींच्या कामात होता."

कोंडाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर बोलून बसला, "माझा छकडा मीच हाकणार. त्या खटाऱ्यापुढे हरलो, तर यापुढे छकड्याला हात लावणार नाही." घरी येईपर्यंत त्याचा राग उतरला. छकडे सोडून त्याला दुसरं येत काय होतं? पण शब्द गेला तो गेला.

पटाच्या दिवशी अख्खा मुलूख लोटला. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं, बायका कडेवर पोरं घेऊन टाचा उंचावून उभ्या. मैदानात चुन्यानं दोन वाटा आखल्या होत्या. शेवटची रेघ ज्याचा छकडा आपल्या वाटेवरून ओलांडणार नाही तो बाद, एवढा एकच नियम. एका वाटेवर भुजंगा फळीच्या टोकावर टेकलेला, दुसऱ्या वाटेवर कोंडाजी गादीवर. आणि त्याच्या मागे कोण? लखूशेठ! छकडा आपला, तर बसणारही आपणच, म्हणून अडून बसला होता.

पंचांनी रुमाल खाली टाकला आणि सुटल्या की हो जोड्या! धुळीचा लोट उठला, माणसं बेंबीच्या देठापासून ओरडू लागली. कोंडाजीची जोडी तगडी. जड छकडा ओढूनही ती भुजंगाच्या बरोबरीनं निघाली. कोंडाजीला कैक वर्षांनी वारा लागला होता तोंडाला. त्याचं रक्त उसळलं. घुंगरं अशी खणखणत होती की आपण वाऱ्यावर स्वार झालोय असंच त्याला वाटलं. मागून शेठ म्हणाला, "वा, काही जाणवतसुद्धा नाही."

खरंच काही जाणवत नव्हतं. डावा बैल बुजला होता. जोडी तिरकी होऊन भुजंगाची वाट कापत पलीकडच्या गर्दीकडे चालली होती. गादीनं ते कळू दिलं नाही, घुंगरांनी गर्दीचा आरडाओरडा ऐकू दिला नाही, आणि छताच्या झालरीतून दिसेल ते काय कप्पाळ! कोंडाजी आपला मजेत जोडीला चेव आणत होता.

भुजंगा त्या वेळी हातभर पुढे होता. त्यानं मान वळवली, बघितलं, आणि क्षणभरही न थांबता आपली जोडी सरळ कोंडाजीच्या जोडीला भिडवली. खांद्याला खांदा, शिंगाला शिंग. असं रेटलं, असं रेटलं, की कोंडाजीचे बैल आपल्या वाटेवर परत आले आणि सुसाट पुढे सुटले. भुजंगाचा छकडा मात्र त्या धडकेनं चुना ओलांडून बाहेर फेकला गेला. गर्दीतल्या एकालाही खरचटलं नाही.

कोंडाजीनं शेवटची रेघ ओलांडली. मागे वळून पाहिलं तेव्हा चाकांच्या खुणा त्याला दिसल्या. दोन्ही आखलेल्या वाटांवरून तिरक्या जाऊन, गर्दीच्या पायांपाशी वळलेल्या.

पंच नियमाला पक्के. भुजंगा रेघेपर्यंत आपल्या वाटेवर उरला नाही, म्हणून कोंडाजी जिंकला. त्यांनी मानाचा फेटा कोंडाजीच्या डोक्यावर ठेवला आणि ढोल वाजायला लागले. पैज जिंकली होती, छकडे त्याचेच राहणार होते. नुसतं गप्प बसायचं होतं.

कोंडाजीनं फेटा काढला. "ढोल थांबवा," तो म्हणाला. "माझा छकडा कुठं चालला होता, ते मलाच कळलं नाही. भुजंगा नसता तर आज तुमच्यातलं कोणी घरी गेलं नसतं. मी हरलो."

"अहो, जिंकलोय आपण," शेठ कुजबुजला. "गप्प राहा ना."

"शेठजी, तुम्हाला ऐसपैस गाडी करून देईन, सुखानं बसा. पण तिला पटाचा छकडा म्हणायचं नाही." एवढं बोलून त्यानं भुजंगाला फेटा बांधला. "आणि दिलेला शब्द पाळीन. आजपासून छकड्याला हात लावणार नाही."

भुजंगानं फेटा सारखा केला आणि म्हणाला, "भाऊ, आज हरली ती शेठजींची बग्गी. तुमचा छकडा पटात उतरला कुठं होता?"

हाकणारे हसत सुटले. पंचही हसले. कोंडाजी आधी रडला आणि मग हसला. भुजंगानं त्याला हाताला धरून त्या बाभळीच्या ध्यानावर बसवलं. "एक फेरी मारा बघू."

कोंडाजीनं कासरा धरला आणि जोडी उडाली. दगड, ढेकूळ, बैलांचा दम, सगळं त्याच्या हाडांत शिरलं. तो वेड्यासारखा ओरडत मैदानाच्या टोकाला गेला आणि धुळीनं माखून परत आला.

"भुजंगा, हे उजवं चाक बाहेर ओढतंय की रे!"

"ते कळायला पळवावं लागतं, भाऊ."

कोंडाजी तिथंच मातीत फतकल मारून बसला आणि चाक काढायला लागला. हाकणारे त्याच्याभोवती गोळा झाले आणि प्रत्येक जण आपापल्या छकड्याची तक्रार सांगायला लागला. तो एकेकाचं नीट ऐकून घेत होता.

तात्पर्य: ज्यांच्या वेडापायी आपलं नाव झालं, त्यांना सोडून नुसत्या नावावर भाळणाऱ्यांच्या मागे लागलं, की नाव उरतं आणि कसब जातं; जो चूक चारचौघांत कबूल करील, त्यालाच ते परत मिळतं.